समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर थार-जिम्नी घेऊन जायचंय, मार्गदर्शन करा

बालाघाटी
नमस्कार मंडळी. मी लातूरचा. आम्ही चौघं मित्र, गाड्या तीन: माझी थार, एकाची जिम्नी, आणि तिसऱ्यानं दिवाळीत घेतलेली नवी कोरी थार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस मोकळे काढलेत. आजवर बालाघाटच्या डोंगरात, मांजरा-तेरणेच्या काठानं, पावसाळ्यात काळ्या चिखलात गाड्या घातल्या, पण वाळूत कधी नाही. समुद्राच्या काठच्या वाळूच्या टेकड्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघितल्यापासून दुसरं काही सुचेना झालंय.

कोकणात अशा टेकड्या कुठं आहेत? केळशीचं नाव ऐकलंय. गाडी वर जाते का? सोबत काय काय न्यावं? लातूरहून पाचशे किलोमीटरच्या वर पडतंय, त्यामुळं एकदाच नीट आखून जायचंय.

आणखी एक. सोबत अप्पा (वडील, वय ७१) येणार आहेत. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवला. पंढरपूर, तुळजापूर, तिरुपती सगळं झालं, समुद्र मात्र राहिला. त्यांना झेपेल असंच ठरवायचंय.

मुरुडकर
मुरुडला या, चहा पाजतो! लातूरचं मुरुड म्हणतोय मी. बार्शी-कुर्डुवाडी-टेंभुर्णी करून जाल तर वाट आमच्या दारावरूनच आहे. एक सांगतो, नकाशात नुसतं 'मुरुड' टाकू नका. दापोलीजवळ एक मुरुड, जंजिऱ्याचं एक मुरुड आणि आमचं एक. मागच्या वर्षी पुण्याचे एक पाहुणे समुद्र बघायला निघाले आणि आमच्या आठवडी बाजारात उतरले. जेवू घालून परत पाठवलं त्यांना.

पैठणची_वाट
आधी एक विचारतो बालाघाटी भाऊ, तिन्ही गाड्या फोर बाय फोर आहेत ना? जानेवारी २०२३ पासून थार नुसत्या मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते. दिसायला तीच, पण गिअरच्या शेजारी दुसरा दांडा नसतो. ती मऊ वाळूत नेऊ नका.

आता वाळूचं. माझी गुरखा (फोर्सची फोर बाय फोर जीप) आहे, जैसलमेरला दोनदा जाऊन आलोय. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टायरची हवा. रस्त्यावर ३२-३३ पीएसआय असते ती वाळूत उतरण्याआधी १६-१८ वर आणायची. टायर रुंदीला थोडा पसरतो, पण लांबीला जास्त पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगते. उंटाचा पाय आणि बैलाचा खूर शेजारी ठेवून बघा, लगेच समजेल. १२ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटतो. हवा मोजायचं गेज स्वतःचं ठेवा. आणि हवा परत भरल्याशिवाय डांबरीवर वेग घ्यायचा नाही, टायर तापून फुटतो. त्यामुळं कंप्रेसर हवाच.

दुसरी गोष्ट, वाळूत जोरात ब्रेक मारायचा नाही. ब्रेक मारला की चाकापुढं वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना गाडी त्याच बांधात रुतते. पाय काढायचा, गाडी आपोआप थांबते. थांबायचं तेही तोंड उताराला ठेवून. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर चाक जरा फिरलं की यंत्रणाच ताकद कापते आणि ऐन चढात गाडी मरते. बहुतेक वेळ फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद आणि नेहमीचे गिअर, पुरतं. फोर-लो, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त, ते अडकल्यावर किंवा अगदी उभ्या चढाला.

गोदाकाठ
पैठणची वाट यांनी बरोबर सांगितलं. मी गंगाखेडकडचा, आमच्या घरी तीन पिढ्या ट्रॅक्टर आहे. वाळूत गाडी बसली की माणूस घाबरून रेस करतो. इथंच सगळं बिघडतं. चाक फिरलं की खाली खड्डाच खणला जातो, दोन मिनिटांत गाडी पोटावर बसते. एकदा पोटावर बसली की चार चाकं असू द्या नाहीतर आठ, सगळी हवेतच.

आमचे आजोबा करायचे ते सांगतो. गाडी बसली की इंजिन बंद. खाली उतरायचं, बिडी ओढणाऱ्यांनी बिडी ओढायची. मग फावड्यानं चारी चाकांच्या पुढची वाळू उतरती करून काढायची, पोटाखालची आधी. चाकाच्या तोंडाशी तुऱ्हाट्या नाहीतर पऱ्हाट्या आडव्या टाकायच्या, त्यावर ओलं बारदान. मग हळू, अगदी हळू क्लच सोडायचा. आता त्याच कामाच्या प्लॅस्टिकच्या पाट्या विकत मिळतात. घ्या, चांगल्या आहेत. पण चार बारदानं गाडीत टाका, वजन काहीच नाही.

तुमच्या अप्पांना हे सगळं माहीत असणार. त्यांनाच विचारा.

बालाघाटी
@गोदाकाठ दादा, अप्पांना वाचून दाखवलं. हसले आणि म्हणाले, "बारदान ओलं कामून ते विचार त्यांना, माहिती आहे का बघू."

@पैठणची_वाट, तुमचा अंदाज खरा ठरला. तिसरी थार मागच्या चाकांचीच आहे. मित्राला फोन केला, थोडा वेळ गप्पच होता.

गोदाकाठ
अप्पांना सांगा, कोरडं बारदान चाक मागं फेकून देतं, ओलं वाळूला धरून बसतं. पास झालो का?

बालाघाटी
पास. "चांगल्या घरचा आहे" म्हणाले.

केळशीची_लेक
माझं माहेर केळशी, सासर परभणी. बावीस वर्षं इकडं आहे, दोन्हीकडचं प्रेम आहे, म्हणून सविस्तर लिहिते. राग मानू नका.

बालाघाटी दादा, गाडी घेऊन केळशीच्या वाळूच्या टेकडीवर जाऊ नका. केळशीच्याच नव्हे, कोकणातल्या कुठल्याच.

तुम्हाला व्हिडिओत दिसतो तो नुसता वाळूचा ढीग. आम्ही लहानपणी तिथं रोज जायचो. जवळ जाऊन खाली बसलात तर टेकडीच्या पायथ्याशी एक वेल पसरलेली दिसेल. आपट्यासारखी दुभंगलेली पानं, जांभळी फुलं, कित्येक हात लांब दोर. तिला आमच्याकडं मर्यादवेल म्हणतात. समुद्राची मर्यादा तिच्यापर्यंत, म्हणून हे नाव. तिच्या दोरांना पेरापेरावर मुळं फुटतात आणि ती वाळू धरून ठेवतात. वाऱ्यानं आलेला कण वेलीत अडकतो, त्यावर दुसरा. अशी ती टेकडी कण-कण करून उभी राहते. वेलीवरून एकदा चाक गेलं की दोर तुटतात, तिथली वाळू सुटी होते, वारा तिथूनच टेकडी पोखरायला लागतो. चाकोरी पडली की दुसरा गाडीवाला तिच्यातूनच जातो. दोन हंगामांत तिथं घळ पडते, आणि उधाणाचं पाणी त्या घळीतून आत, आमच्या माडांच्या मुळाशी.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी माहेरी होते, लॉकडाऊनमुळं अडकले होते. सुरूची झाडं काड्यांसारखी मोडली, घराची कौलं उडून गेली. त्या दिवशी समुद्राकडं तोंड करून जे काही उभं असतं त्याची किंमत कळली. २००४ च्या त्सुनामीतही तामिळनाडूत जिथं वाळूच्या टेकड्या शाबूत होत्या त्यांच्या मागच्या वस्त्यांना कमी मार बसला होता. आमच्या गावाच्या अंगावरचं ते पांघरूण आहे, दादा.

शिवाय केळशीची टेकडी साधी नाही. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व अभ्यासकांनी तिचे थर तपासलेत. जुन्या वस्तीच्या खुणा, खापरं त्यात मिळालीत.

चालत या. अप्पांना घेऊन या. महालक्ष्मीच्या देवळात दर्शन घ्या, भारजा नदी जिथं समुद्राला मिळते तिथं संध्याकाळी बसा. माझ्या भावाला सांगते, सोलकढी आणि उकडीचे मोदक तो घालेल.

चाकोरी
ताई, मान ठेवून बोलतो, पण सगळा दोष गाडीवाल्यांवर का? मी दरवर्षी कोकणात जातो. किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या ओढायला ट्रॅक्टर उतरतात, घोडागाड्या फिरतात, हंगामात पर्यटकांना बसवून चारचाकी बाइकी पळवतात. त्यांचं काही नाही आणि वर्षातून एकदा आलेल्या माणसानं गाडी उतरवली की तो गुन्हेगार? आमचा पैसाही तिथल्याच लोकांच्या हातात जातो ना.

केळशीची_लेक
@चाकोरी भाऊ, होडी ओढणारा ट्रॅक्टर ठरलेल्या वाटेनं, ओल्या पुळणीवरून (किनाऱ्याच्या वाळूवरून), पोटासाठी उतरतो. टेकडीवर चढत नाही. चारचाकी बाइकींबद्दल मात्र तुमचं खरं आहे. तेही बंद व्हायला हवं आणि गावात त्यावरून भांडणं होतात. एकानं चूक केली म्हणून दुसऱ्यानं करावी असं तुम्हालाही वाटत नसेल.

रानवेडा_नळदुर्ग
कायद्याचं थोडक्यात. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा दोन्ही सीआरझेड-१ए मध्ये येतात. सगळ्यात नाजूक वर्ग तो. टेकड्यांचा आकार बदलायला, त्या सपाट करायला मनाई आहे. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घालायलाच बंदी आहे. रायगड-रत्नागिरीतही गाडी रुतली की बातमी होते आणि बेदरकार वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल होतो.

आणि डिसेंबर म्हणताय? तेव्हाच ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. नोव्हेंबर ते मार्च हा काळ. भरतीची रेषा सोडून वर, कोरड्या वाळूत, टेकडीच्या पायथ्याला मादी दीड-एक फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूनं बुजवते आणि परत जाते. वरून काही दिसत नाही. तुमचं चाक नेमकं तिथूनच जाणार. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. ती बाहेर आली तरी टायरची चाकोरी त्यांच्यासाठी नाल्याएवढी खोल. त्यातच पळत राहतात, समुद्र सापडत नाही, कावळे आणि कुत्री टिपतात.

हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आपल्या माळढोकाच्या रांगेत.

बीडचा_पाहुणा
लिहू की नको करत होतो. लिहितो.

चार वर्षांपूर्वी आम्ही दोन कुटुंबं कोकणात गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी सांगितलं गेलं, "घाला की गाडी खाली, सगळेच घालतात." ओहोटी होती, वाळू कडक लागत होती. मोठी सात सीटची गाडी, पुढच्या चाकांवर चालणारी. फोटो काढले, मुलं खेळली. निघताना वळवायला थोडं वर कोरड्यात घेतली आणि बसली. अर्धा तास आम्हीच ढकललं. तोवर पाणी फिरलं. पाणी धावत येत नाही हो, प्रत्येक लाट मागच्या लाटेपेक्षा एक हात पुढं येते, तेवढंच. अंधार पडला तेव्हा सायलेन्सरपर्यंत होतं. गावातले वीस-पंचवीस जण आले, दोर लावून, ट्रॅक्टर लावून रात्री नऊला गाडी काढली. कुणी पैसे मागितले नाहीत. एक म्हातारे आजोबा एवढंच म्हणाले, "आज दशमी, पाणी बेतानं हाय. पुनवेला आला असतात तर गाडी नसती राहिली."

खाऱ्या पाण्यानं वायरिंग गेलं, मग पत्रा. दोन वर्षांत खालचा सांगाडा पापुद्र्यांसारखा सुटायला लागला. विम्याचा दावा नामंजूर झाला. बायको त्या रात्री मुलांना घेऊन सुरूच्या झाडाखाली बसली होती, तिचा चेहरा मला अजून दिसतो.

केळशीची_लेक
@बीडचा_पाहुणा दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. 

समुद्राचं वेळापत्रक आमच्याकडं तिथीवर चालतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. रोज पाऊण तासानं पुढं सरकतं. अमावास्या-पुनवेला उधाण, पाणी खूप वर येतं आणि खूप मागं जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा समुद्र शांत. हा ढोबळ हिशोब झाला. नक्की वेळेसाठी त्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा.

मुरुडकर
हे फार आवडलं. आमच्याकडं तिथी लग्नाला आणि उपासालाच लागते. तिकडं घड्याळ म्हणून चालते.

चाकोरी
बीडच्या दादांचं वाचलं. माझ्याही मुली लहान आहेत. ओल्या किनाऱ्यावर गाडी घालायची सवय मला होती, ती सोडतो. पण मग हौस असलेल्या माणसानं जायचं कुठं, हेही सांगा. नुसतं 'नको' म्हटल्यानं लोक थांबत नाहीत.

मस्कती_नांदेडकर
चाकोरी, रास्त प्रश्न. मी नांदेडचा, अकरा वर्षं ओमानमध्ये. इथं वाळवंट थेट समुद्राला भिडतं आणि गाडी चालवायला वावही आहे. शर्किया वाळवंट, ज्याला जुने लोक वहिबा म्हणतात, उत्तर-दक्षिण १८० किलोमीटर आहे. त्याच्याही खाली, मस्कतपासून पाच-सहा तासांवर, अल खलुफला पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्या आहेत. लोक साखरेच्या टेकड्या म्हणतात त्यांना. वरून बघितलं की एका बाजूला साखर, दुसऱ्या बाजूला निळं पाणी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आईला व्हिडिओ कॉल लावला होता. ती म्हणाली, "अरे, एवढी साखर आणि मुंगी एक नाही!"

पण इथं एक फसवी जागा असते, तिला सबखा म्हणतात. समुद्राजवळच्या सखल भागात वरून मिठाची कडक पापडी, खाली चिखल. सपाट मैदान समजून माणूस वेगात घालतो आणि पापडी फुटते. वाळूत रुतलेली गाडी निघते, सबखात रुतलेली काढायला कधी कधी दिवस जातो. आपल्या मिठागरातल्या जमिनीसारखंच. त्यामुळं जुनी चाकोरी सोडायची नाही, आणि इथला माहितगार सोबत हवा. भाड्याची गाडी घेणार असाल तर करार नीट वाचा. रस्ता सोडला की विमा लागू होत नाही, असं बहुतेक करारांत असतं. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, वर्षभर चालतो.

नांदेडकरांना हैदराबादचं विमानतळ जवळ. तुम्ही आलात तर माझ्याकडं उतरा.

सासुरवाशीण_जालना
माझा भाऊ अमेरिकेत ओरेगॉनला आहे. तिथं पॅसिफिकच्या काठानं साठ-पासष्ट किलोमीटर वाळूच्या टेकड्या आहेत, १९७२ पासून राखीव मनोरंजन क्षेत्र. काही भाग गाड्यांना खुला, काही फक्त पायी. गाडीला उंच काठी लावून वर झेंडा लावावाच लागतो, कारण टेकडीच्या पलीकडून येणारा दिसत नाही. आणि १५ मार्च ते १५ सप्टेंबर एका छोट्या पाणपक्ष्याच्या विणीसाठी कोरड्या वाळूचे पट्टे दोर लावून बंद. भाऊ म्हणतो, तिथं कुणी दोर ओलांडत नाही. म्हणजे हौस आणि पाखरू दोन्ही राहू शकतं, आधी कुणीतरी रेघ मारून द्यायला हवी. आपल्याकडं ती रेघ कुणी मारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पैठणची_वाट
बालाघाटी भाऊ, पाच दिवसांत जैसलमेर घाईचं होईल. हजार किलोमीटरच्या वर आहे, जायला दोन दिवस, यायला दोन. आठ दिवस काढा. समुद्र नाही तिथं, पण वाळू शिकायची तर तीच शाळा. समच्या टेकड्या गावापासून चाळीसेक किलोमीटर. तिथल्या माणसाला सोबत घ्या, तो सांगेल तिथंच गाडी घाला.

टेकडीचं अंग ओळखायला शिका. वाऱ्याकडची बाजू लांब, निवांत चढाची आणि दाबलेली असते. पलीकडची बाजू उभी, ३३-३४ अंशांची, आणि तिथली वाळू ढासळती. चढायचं सरळ, उतरायचंही सरळ. आडवं घेतलं की वरच्या बाजूचं चाक उचलतं आणि गाडी कलंडते. चढ जमला नाही तर वळवायची नाही, आलात त्याच चाकोरीनं सरळ मागं घ्यायची. आणि माथ्यापलीकडं काय आहे हे एक माणूस पायी जाऊन बघून आल्याशिवाय गाडी माथ्यावर न्यायची नाही. हा नियम आमच्यात कुणी मोडला तर त्या दिवशी त्याला चावी मिळत नाही.

सकाळी दवानं वाळू बसलेली असते, तेव्हा चालवा. दुपारी तीच वाळू पिठासारखी होते.

ओढायचा दोर ताणला जाणारा घ्या, साखळी नको. आणि मागच्या गोल हुकाला, ज्याला ट्रेलर लावतात त्याला, दोर कधीच अडकवू नका. तो तुटला की गोळीसारखा येतो. गाडीच्या सांगाड्याला जो ओढण्याचा पक्का हुक असतो त्यालाच लावा, दोरावर जाड पोतं टाका, बाकीच्यांना लांब उभं करा.

रानवेडा_नळदुर्ग
जैसलमेरला जाताय तर डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द विचारून घ्या. १९८० पासूनचं, तीन हजारांवर चौरस किलोमीटर. माळढोक, तिकडचं गोडावण, आता जे काही उरलेत ते मुख्यतः तिथंच. आमच्या शेजारी नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे. लहानपणी वडिलांनी मला तिथं एक दाखवला होता, ज्वारीच्या रानापलीकडं, मान वर करून उभा. माझ्या मुलीला दाखवायला गेलो तेव्हा दिवसभर बसून एकही दिसला नाही. म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय.

चाकोरी
हद्दीबाहेरच्या टेकड्या, माहितगार माणूस, सकाळची वेळ. हे पटलं. बालाघाटी, तुमच्यात जागा असेल तर मीही येतो. धाराशिवला आहे, माझी जिम्नी आहे.

एक विचारू का, आधी गोदावरीच्या पात्रात सराव केला तर? उन्हाळ्यात कोरडंच असतं.

गोदाकाठ
नको. अजिबात नको. पात्र वरून कोरडं दिसतं, पण वाळू उपसून उपसून खड्डे पडलेत, काही पुरुषभर खोल. पूर येऊन गेला की वर गाळाची साय धरते आणि खड्डा दिसत नाही. पोहायला उतरलेली पोरं त्यात गेलीत आमच्याकडं. त्या पात्रात मी माझा ट्रॅक्टर अनोळखी जागी घालत नाही.

सराव करायचा तर स्वतःच्या रानात करा. नांगरट झाली, रोटाव्हेटर मारला आणि चार दिवस ऊन लागलं की काळं रान असं भुसभुशीत होतं की चाक अर्धं आत जातं. हवा ३२ ठेवून एक चक्कर मारा, मग १६ करून तीच चक्कर मारा. फरक बुडाखाली कळेल. पावसाचा थेंब पडायच्या आत मात्र बाहेर या.

बालाघाटी
तीन दिवस लिहिलं नाही, कारण हे सगळं मित्रांना वाचायला दिलं आणि रविवारी आमच्या रानात गोदाकाठ दादांनी सांगितलं ते करून बघितलं.

३२ वर माझी थार पंचवीस-तीस पावलं गेली आणि मागची चाकं खाली बसली. मी सवयीनं रेस द्यायला गेलो. अप्पा बांधावर बसले होते, तिथूनच हात वर करून ओरडले, "बंद कर!" मग स्वतः आले, मांडी घालून चाकापाशी बसले, पायातलं पायताण काढून त्यानंच माती ओढली. आम्ही फावडं शोधेपर्यंत एका चाकाचं काम झालं होतं. हवा १६ केली, बारदान टाकलं, गाडी पहिल्याच झटक्यात बाहेर. मागच्या चाकांची थार मात्र १६ वरही दोनदा बसली. मित्रानं स्वतःच सांगितलं, मी तुमच्या गाडीत बसून येतो.

आता ठरलेलं सांगतो. डिसेंबर रद्द. जानेवारीत आठ दिवस काढून जैसलमेर, दोन जिम्नी आणि माझी थार. @चाकोरी, तुमची जागा धरली. झेंड्याची काठी आणि माथा आधी पायी बघायचा नियम, दोन्ही पाळणार.

कोकणात मार्चमध्ये, घरची गाडी घेऊन, सगळ्या कुटुंबासकट. गाडी गावातच राहील. @केळशीची_लेक ताई, वेळासला कासवांची पिल्लं सोडतात ते मुलांना दाखवायचंय आणि केळशीला टेकडी बघायला यायचंय. अप्पांना वाळूत चालणं जमेल का? गुडघ्याचा त्रास आहे थोडा.

केळशीची_लेक
वाचून डोळे भरून आले दादा. जमेल, नक्की जमेल. सुकी पुळण पायाला जड जाते, म्हणून ओहोटी लागल्यावर ओल्या, घट्ट पुळणीवरून चालवत आणायचं. अष्टमीच्या आसपास या, सकाळी ओहोटी लागते, ऊन चढायच्या आत जाऊन येऊ. टेकडीवर चढायला नको, पायथ्याशी मर्यादवेलीजवळ बसू. वेळास भारजेच्या पलीकडं आहे. तिथं पिल्लं सकाळी लवकर आणि संध्याकाळी सोडतात, पण कुठल्या दिवशी किती बाहेर येतील ते कासवच ठरवतं. दोन दिवस हाताशी ठेवा. राहायला गावातल्याच घरी राहा.

मुरुडकर
दोन्ही वेळा चहाला थांबायचं. अप्पांना आमच्या मुरुडचा समुद्र दाखवतो, मैलोन् मैल तूर फुलोऱ्यात असते जानेवारीत.

गोदाकाठ
तूर जानेवारीत शेंगांवर असते हो, फुलोरा कधीच संपला. पण चहाला मीही येतो.

पैठणची_वाट
जैसलमेरला मीही येतोय, गुरखा घेऊन. कंप्रेसर माझ्याकडं आहे. हवेचं गेज तुम्ही आणा, दोन आणा, एक हमखास वाळूत हरवतं. बारदानं अप्पांकडून घ्या.